लूबीडचा जन्मदाखला

सोमवारी सकाळी सातला आम्ही चौघं वर्गात शिरलो तर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, खडूने, बारीक सुबक अक्षरात एकच शब्द लिहिलेला: हाफसाल. त्याच्याखाली एक ओळ, तो कुठून आला त्याची.

नौफल दारातच थांबला. त्याच्या मागे मी होते, मी त्याच्या पाठीवर आपटले.

"हा माझा आहे," तो म्हणाला. "डब्यात आहे. शनिवारी निघणार होता."

"तुझा आहे हे आत्ता कशाला सांगतोस?" कृपाली कुजबुजली. "बारशाआधी सांगायचं नसतं."

"आता कसलं बारसं. उष्टा झाला ना तो."

गौरांगने डस्टर घेतलं आणि सर यायच्या आत शब्द पुसला. पुसता पुसता त्याने आमच्या तिघांकडे एकेक करून बघितलं. मीही तेच करत होते. खरं सांगते, त्या क्षणी चौघंही एकमेकांकडे तसंच बघत होतो.

तुम्हाला हे सगळं वेड्यासारखं वाटणार, म्हणून आधी नीट सांगते. हे आठ वर्षांपूर्वीचं. मी एकोणीस वर्षांची होते, रत्नागिरीला सुखटणकर सरांकडे जर्मनच्या क्लासला जायचे. सर पूर्वी जहाजावर इंजिनियर होते. वर्ग त्यांच्या घरातच, पुढच्या खोलीत. आठ वाजता काकू आतून चहाचा ट्रे घेऊन यायच्या, आम्ही मान वर न करता "थँक यू काकू" म्हणायचो, की परत पुस्तकात. बाकी सगळे जर्मनीत नोकरी लागावी म्हणून शिकत होते. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो, पण दुसऱ्या महिन्यात गौरांग शिर्धनकरच्या डोक्यात एक खूळ आलं.

तो म्हणाला, समजा दीड हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या कुठल्या तरी जर्मानिक टोळीचं जहाज भरकटत आपल्या किनाऱ्याला लागलं. समजा ती माणसं इथेच राहिली, भात खायला लागली, रापणीला माणसं कमी पडली की किनाऱ्यावरून जाळं ओढायला जाऊ लागली. तर आज ती काय बोलली असती?

झालं. त्या भाषेचं नाव स्ट्रांडिश, म्हणजे किनाऱ्यावरची. आम्ही पार येडे झालो तिच्यापायी. पण हवेतून शब्द काढायचा नाही हा पहिला नियम. सरांच्या जाडजूड कोशातून जुनी जर्मानिक मुळं उतरवून घेतली, आणि दीड हजार वर्षांत कुठला ध्वनी कसा झिजला असेल याचे आठ नियम केले. मूळ घ्यायचं, नियमांतून गाळायचं, खाली जे पडेल तो शब्द. तुम्हाला आवडो न आवडो. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. पुढच्या बाजूला अर्थ, आणि नाम असेल तर ते चालवून दाखवायचं, शाळेत आपण देव चालवायचो ना, तसं. चार विभक्ती, दोन वचनं, आठ रूपं. मागच्या बाजूला तो शब्द कुठून आला ते. त्याला आम्ही जन्मदाखला म्हणायचो.

मग कार्ड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. त्यावर नाव घालायचं नाही, म्हणजे मैत्रीखातर कुणी मत देणार नाही. शनिवारी संध्याकाळी माझ्या घराच्या गच्चीवर बारसं. एकाने कार्ड काढायचं, शेजारच्याच्या कानात शब्द सांगायचा, पाठीवर थाप द्यायची, कुर्रर्र म्हणायचं. चौथ्यापर्यंत पोचला आणि चौघांच्या माना डोलल्या की शब्द पास. मगच ज्याचा असेल त्याने कबूल व्हायचं, चौघांनी सह्या करायच्या आणि कृपालीच्या आईने दिलेल्या घुगऱ्या खायच्या. बारशाआधी शब्द चौघांबाहेर गेला तर तो उष्टा, म्हणजे बाद. हा नियम मी केला होता. लक्षात ठेवा, मी.

पहिल्या वर्षी उत्साह इतका की वर्गातल्या कपाटाच्या दारावर आम्ही ते आठ नियम आणि 'शब्द हवेत' अशी एक यादी चिकटवली होती, ज्या अर्थांना अजून शब्द नाही अशांची, अर्थ कुणी सुचवला त्याच्या नावासकट. म्हटलं, वर्गातली बाकीची मुलंही करतील. त्यांनी यादीला मिशा काढल्या. मग आम्ही त्या दाराकडे बघायचंही सोडून दिलं.

आणि आता हे. हौशी भाषा रचणाऱ्यांचं परदेशात एक मंडळ होतं, त्यांच्या स्पर्धेला आमची स्ट्रांडिश पाठवायची होती. पाचशे शब्द हवे होते, कुठेही आधी न आलेले. तीस नोव्हेंबर शेवटची तारीख. आम्ही चारशे एक्क्याण्णववर होतो आणि दोन महिन्यांत फळ्यावर अकरा शब्द उगवले होते. त्यातले सात आमच्या डब्यातले, अक्षरन् अक्षर. उरलेले चार आमच्या कार्डांशी थोडे जुळणारे, थोडे वेगळे. ते वेगळेपण आणि ते अनोळखी अक्षर, दोन्ही आम्ही चलाखी म्हणून धरलं. चोर मुद्दाम थोडं बदलून लिहितोय, असं.

त्या सोमवारनंतर आमचं बोलणंच बदललं. गौरांग म्हणाला, "कोणाला तरी ही भाषा नकोच आहे. स्पर्धाही नको आहे."

"म्हणजे कुणाला?" कृपालीने विचारलं.

"मी नाव घेतलं का?"

"बघत तर माझ्याकडे होतास."

"मी खिडकीकडे बघत होतो. तू खिडकीत बसलीस त्याला मी काय करू?"

पण माझा संशय नौफलवर होता. त्याला कारणं होती, निदान तेव्हा मला ती कारणं वाटली. डबा त्या महिन्यात त्याच्या घरी होता. त्या सोमवारसारखा एखादा दिवस सोडला, तर वर्गात सगळ्यांच्या आधी तोच यायचा, कारण त्याच्या अब्बांची होडी पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरात लागायची. मासळी उतरवून, लिलाव उरकून तो घरी न जाता थेट क्लासला यायचा, साडेसहालाच. आणि मंगळवारी मी त्याच्या मनगटांवर पांढरी पूड बघितली. दोन्ही मनगटांवर, बाहीच्या कडेला. मी मनात म्हटलं, खडू.

मी सापळा लावला.

'शब्द हवेत'च्या यादीत एक अर्थ वर्षभर पडून होता. तो नौफलनेच दिला होता. होडी समुद्रावर असली की त्याची अम्मी ओटीवरचा दिवा बंद करत नाही, होडी परत येईपर्यंत, मग सकाळचे आठ वाजोत. त्या दिव्याला शब्द हवा, असं तो म्हणायचा. आम्ही प्रत्येक वेळी म्हणायचो, करू, करू. तर तो मी केला. लूबीड. पुढची बाजू झकास जमली होती: लूबीड, लूबीडास, लूबीडे, अनेकवचनात लूबीडा, लूबीडम, सगळी आठ रूपं ओळीत चालत होती. मागच्या बाजूला मात्र मी तीन कार्डांवर तीन खोटे जन्मदाखले लिहिले. नौफलच्या कार्डावर लिहिलं, यातला लू म्हणजे पान, पानाच्या आकाराचा दिवा म्हणून. कृपालीच्या कार्डावर, लू म्हणजे माया. गौरांगच्या कार्डावर, लू म्हणजे हवा, वाऱ्यातही न विझणारा. खरा दाखला मी कुठे लिहिलाच नाही. फळ्यावर हल्ली शब्दाखाली एक ओळ दाखल्याचीही असायची, तेव्हा जो दाखला फळ्यावर येईल त्याचा मालक चोर.

बुधवारी तिघांना वेगवेगळं गाठलं. "डब्यात नाही टाकत, डब्याचा भरवसा नाही. फक्त तुला दाखवतेय."

गौरांगने वाचलं आणि म्हणाला, "ह्यात बीड जिल्ह्याचा काय संबंध?"

"बीड म्हणजे थांबणं. जुनं मूळ आहे, बघ कोशात."

"मग ठीक. पण लोक हसणार."

माया वाचून कृपाली म्हणाली, "किती गोड गं."

नौफलला मी सायकल स्टँडपाशी गाठलं. त्याने कार्ड दोन्ही हातांनी धरलं, पुढून वाचलं, मागून वाचलं, परत पुढून. आठही रूपं ओठांतल्या ओठांत म्हणून बघितली.

"पान?" तो म्हणाला. "दिवा पानासारखा नाहीये गो. साधा बल्ब आहे."

"पूर्वी असेल."

"हां, पूर्वी असेल." मग हसला. "भाटकर," तो मला आडनावानेच हाक मारायचा, "मला वाटलं तुम्ही विसरलात हा शब्द."

त्याने कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून खिसा दाबला. मी मनात म्हटलं, काय नाटक करतो.

शुक्रवारी मी पावणेसातला पोचले. वर्गाचं दार उघडं होतं. आत नौफल एकटा, फळ्यासमोर, माझ्याकडे पाठ करून उभा. त्याच्या खांद्यावरून मला वरची ओळ दिसली: लूबीड. खाली ओळीने आठ रूपं. त्याच्या खालचं त्याच्या पाठीआड.

माझ्या छातीत धडधडायला लागलं. आणि भीतीने नाही हं, आनंदाने. ते आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

"सापडलास," मी म्हटलं.

तो वळला. "तू बघितलंस का हे?"

"हात दाखव."

"काय?"

"मनगटं दाखव तुझी."

त्याने दोन्ही हात पुढे केले, विचारलंसुद्धा नाही कशाला. पांढरी पूड होतीच.

"खडू," मी म्हटलं.

त्याने आधी मनगटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग उजवं मनगट जिभेला लावलं. "मीठ आहे," तो म्हणाला. "तुला हवं तर चाखून बघ. सकाळी जाळी ओढली ना. हाच अर्थ मी यादीत घातला होता, ह्यालाच तर शब्द केला होता, हाफसाल. अंगावर वाळलेलं समुद्राचं मीठ. तो फळ्यावर मी कशाला मारू?"

मला थांबायला हवं होतं की नाही? पण माझ्याकडे सापळा होता ना. मी म्हटलं, "ते राहू दे. दाखला काय लिहिलायस ते बघू. तुला मी पान सांगितलं होतं. कृपालीला माया. गौरांगला हवा."

त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

"तिघांना तीन?"

"हो."

"आणि खरा?"

"खरा कुणालाच नाही. तोच तर सापळा होता."

"ह्या शब्दाचा?" तो म्हणाला. "सापळा लावायला तुला हाच शब्द सापडला?"

मी म्हटलं, "बाजूला हो."

तो बाजूला झाला. खाली त्याच बारीक सुबक अक्षरात लिहिलं होतं: लू, म्हणजे उजेड. बीड, म्हणजे वाट पाहणं.

पान नाही, माया नाही, हवाही नाही. उजेड. माझा खरा दाखला, जो फक्त माझ्या डोक्यात होता, कुठल्याही कागदावर नव्हता.

"मला कार्डावर पान मिळालं," नौफल शांतपणे म्हणाला. "त्या दोघांनाही हे मिळालं नाही, असं तूच म्हणतेस. मग तुझ्याच सापळ्याने हे तू लिहिलंस, भाटकर."

"मी नाही लिहिलं."

"मीपण नाही. पण माझं कुणी ऐकलं?"

त्याने पिशवी उचलली, पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून पहिल्या बाकावर ठेवला आणि तो गेला. क्लास त्याने सोडला नाही, नंतर दुसऱ्या बॅचला जायला लागला. आमच्या गच्चीवर मात्र परत कधी आला नाही.

मी फळ्यासमोर तशीच उभी. तेवढ्यात गौरांग आणि कृपाली आले, त्यांनी फळा वाचला, डबा बघितला, मला विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. कृपालीने तिचं कार्ड दप्तरातून काढलं, माया असलेलं, आणि माझ्यासमोर ठेवलं.

"हे खोटं होतं?"

"कृपे, मला चोर पकडायचा होता."

"मग आता पकडला का?" गौरांग म्हणाला. "खरा दाखला फक्त तुला माहीत होता. आम्ही तरी दुसरं काय समजायचं?"

आणि मी सांगते, मला स्वतःवरच संशय आला. झोपेत येऊन लिहिलं की काय, इथपर्यंत.

तेव्हा आतल्या दारातून काकू आल्या. हातात ओलं फडकं आणि खडूचा तुकडा. आम्हाला बघून थबकल्या, आणि त्यांनी खडू पदराआड केला, शाळेतल्या मुलीसारखा.

"लवकर आलात आज," त्या म्हणाल्या. "मी फळा पुसायलाच आले होते."

आमच्या नजरा त्या खडूवरच होत्या. मग काकूंनीच विचारलं, "हा कसा वाटला? हाही नाही का पसंत?"

"काकू," गौरांगचा आवाज चिरकला, "हे तुम्ही लिहिता?"

"यादी तुम्हीच लावलीत ना कपाटावर? 'शब्द हवेत' म्हणून. नियमही दिलेत खाली. मी तीस वर्षं संस्कृत शिकवलं रे शाळेत, नाम चालवायला मला कोण शिकवणार? कोश घरातच आहे. म्हटलं, करून बघू. दुपारी वेळच वेळ असतो." त्यांनी फळ्याकडे बघितलं. "पण तुम्ही सकाळी आल्या आल्या पुसून टाकायचात. कोणी काही म्हणायचं नाही. मला वाटायचं, चुकतंय माझं. म्हणून मग खाली दाखलापण लिहायला लागले, कुठे चुकलं ते तरी सांगाल."

"पण अगदी आमचेच शब्द कसे..." कृपाली म्हणाली आणि मध्येच थांबली.

थांबली, कारण आम्हाला तिघांनाही एकदम कळलं. वाट बघायच्या दिव्याला कोणीही शब्द करायला बसलं तर उजेड आणि वाट हीच दोन मुळं घेणार, आणि नियमांतून गाळलं की खाली लूबीडच पडणार. त्यासाठीच तर नियम केले होते. कोणाच्या मर्जीवर चालू नये, म्हणून. आमची भाषा खरी झाली होती, आम्हाला न विचारता चालायला लागली होती. आणि आम्हाला त्याचा पहिला वास आला तो चोरीचा.

काकू म्हणाल्या, "तुमचा चौथा कुठे आहे? तो मीठवाला. सकाळी लवकर येतो आणि एकटा बसून रूपं घोकत असतो. त्याला विचारायचं होतं, दिवा बरोबर आहे का. त्याच्याच घरचा आहे ना?"

मी संध्याकाळी मिरकरवाड्याला गेले. नौफल ओटीवर जाळं विणत बसला होता. मी सगळं सांगितलं, काकूंचं, यादीचं. मी चुकले हेही म्हटलं. तो सुई थांबवून ऐकत होता.

"काकू?" एवढंच म्हणाला. थोडा हसलासुद्धा. "मस्त चालवलाय पण त्यांनी. एक रूप चुकलेलं नव्हतं."

"शनिवारी येशील ना? उष्ट्याचा नियम मीच मोडीत काढलाय. लूबीडचं बारसं आहे. काकूपण येणार आहेत."

तो उठून आत गेला. मला वाटलं आता येतच नाही. पण आला, हातात माझं ते कार्ड आणि पेन. भिंतीला टेकवून त्याने मागच्या बाजूचं 'पान' नीट एका रेघेने खोडलं, वर 'उजेड' लिहिलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

"आता बरोबर आहे. ने."

"सही?"

"सही नको. शब्द चुकीचा जाऊ नये म्हणून दुरुस्त केलं. शब्दाची काही चूक नाही गो."

मग तो जाळ्याकडे वळला. माझ्याशी बोलायचं काही उरलं नव्हतं, आणि ते मला कळत होतं तरी मी पायरीवर उभी. अंधारायला लागलं होतं. आतून त्याची अम्मी आली, तिने हात वर करून बटण दाबलं आणि ओटीवरचा बल्ब लागला. साधा, पिवळा, खारट वाऱ्याने काच धुरकट झालेला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अब्बा समुद्रावर आहेत?"

"नाय गो," अम्मी म्हणाली. "ते आत निजलेत. आज आमची होडी गेलीच नाय."

"मग दिवा?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कुठल्या गावची. "पलीकडच्या हसनची होडी हाय ना अजून बाहेर."

परत येताना बंदराच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर दिवे होते. एवढ्या घरांच्या होड्या बाहेर नसणार, हे आता मला कळत होतं.

शनिवारी काकूंच्या कानात शब्द सांगितला, त्या कुर्रर्र म्हणाल्या, घुगऱ्या खाल्ल्या. पण चौथी सही नव्हती, त्यामुळे शब्द पास झाला नाही. काकूंनी चौथी म्हणून सही करायला नकार दिला. म्हणाल्या, ती जागा त्याची आहे. स्पर्धेची तारीख गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात नौफल जर्मनीला गेला.

डबा अजून माझ्याकडे आहे. ते कार्डही. पुढच्या बाजूला मी तेव्हा अर्थ लिहिला होता: आपली होडी परत येईपर्यंत लावून ठेवलेला दिवा. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यातला 'आपली' खोडला.